दुसरा सूर: युवा क्वायरमधल्या एका सत्राच्या नोंदी

एकट्यानं गायची सवय आहे आणि पहिल्यांदाच क्वायरमध्ये, म्हणजे समूहगायनाच्या गटात जायचंय, अशांसाठी या नोंदी. त्या त्या आठवड्यात लिहिल्या, नंतर शुद्धलेखन सुधारलं आणि काही ठिकाणी पुढे काय झालं ते जोडलं. चुका काढल्या नाहीत.

माझ्याबद्दल: वय १७, सहा वर्षं एकटीनं गाणं, चार भागांत गाण्याचा अनुभव शून्य. क्वायर १३ ते २१ वयोगटाचं. सगळ्यात वरच्या आवाजापासून खाली चार भाग: सोप्रानो १४, आल्टो ११, टेनर ७, बेस ८. आठवड्यातून एकदा अडीच तास तालीम, सत्राच्या शेवटी एक कार्यक्रम.

७ जानेवारी, शनिवार. ऑडिशन

तयारीचे पाच दिवस वाया. ठेवणीतलं गाणं निवडलं होतं, भरपूर ताना आणि तार सप्तकात जाणारं. ताईंनी (संचालिका, लहानमोठे सगळे त्यांना ताईच म्हणतात) दोन ओळींनंतर थांबवलं, 'छान' म्हणाल्या आणि कीबोर्डकडे वळल्या. खरं ऑडिशन पुढच्या दहा मिनिटांत झालं. तीन सुरांचा तुकडा वाजवला, तो परत गायचा. मग चार सुरांचा, मग पाच. मग दोन सूर एकदम वाजवून म्हणाल्या, खालचा गा. मी वरचा गायले. पुन्हा वाजवले. पुन्हा वरचाच. शेवटी म्हणाल्या, "तू सा धरून ठेव, मी दुसरा सूर लावते." मी सा धरला, त्यांनी ग लावला आणि तीन सेकंदांत मीही ग वर होते. कधी घसरले ते कळलंच नाही.

निकाल: घेतलं, पण आल्टोमध्ये, म्हणजे मुलींच्या आवाजांपैकी खालच्या भागात. माझा आवाज वर जातो हो, असं सांगून पाहिलं. "जातो ना. पण राहायला कुठे आवडतं त्याला?" यावर मला उत्तर नव्हतं. वर गेलं की माझ्या आवाजात हवा मिसळते हे खरंच आहे. मुलींचाही आवाज या वयात थोडा उतरतो आणि स्वरतंतू मागच्या टोकाला पुरते मिटत नसल्यानं काही वर्षं हवा गळत राहते, हे मला त्या दिवशी कळलं. आवाज फक्त मुलांचा फुटतो असं मी धरून चालले होते. तरी घरी येऊन रुसले, तेही लिहून ठेवते.

तुम्ही जाणार असाल तर गाणं सोपं न्या. आदल्या आठवड्यात घरातल्या कुणालाही एक सूर धरायला लावा आणि तुम्ही दुसरा धरून बघा. मी ते पाच दिवस यावर घालवायला हवे होते.

१४ जानेवारी. पहिली तालीम

दारातच २० मिनिटं गेली. १८ च्या आतल्यांच्या फॉर्मवर पालकांची सही लागते आणि माझा फॉर्म घरी राहिला होता. आईला फोन, फोटो, मग आत.

सुरुवातीची २० मिनिटं आवाज तापवण्यात. पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत सूर खालीवर न्यायचा. मला हसू आलं, पण नंतर घसा खरंच मोकळा वाटला. घरी रियाजाआधी आता हेच करते.

मग पहिलं गाणं. चार ओळींचं स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी, प्रत्येक भागाची एक ओळ) समोर आलं आणि त्यातली माझी ओळ कोणती हे शोधेपर्यंत पान संपलं. (वरून दुसरी. पहिल्याच दिवशी हायलाइटर न्या.) दुसऱ्या फेरीत मी सोप्रानोंची चाल गात होते, आल्टोंच्या रांगेत उभी राहून, आनंदानं.

मला एका चौदा वर्षांच्या मुलाशेजारी उभं केलंय. त्याचं हे तिसरं वर्ष, अजून आल्टोच गातो. त्याचा आवाज फूटपट्टीनं रेघ मारावी तसा सरळ. तिसऱ्या फेरीला मी त्याच्याकडे कान लावला आणि जमलं. दुसऱ्या गाण्यातही जमलं. घरी सांगितलं, सोपं आहे.

२१ जानेवारी

खर्चाची नोंद. फी एकरकमी भरली. फीव्यतिरिक्त लागलेलं: काळं फोल्डर, पेन्सिल, कार्यक्रमाचे काळे कपडे, काळे बूट, येण्याजाण्याचा खर्च. सत्राअखेरीस हे सगळं मिळून फीच्या पाऊणपट झालं, आणि नाव नोंदवताना त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. ज्यांना जड जातं त्यांना सवलत आहे, पण ती मागावी लागते. मागितल्याचं इतरांना कळत नाही, एवढी काळजी इथे घेतात.

स्वरलिपीची छापील प्रत प्रत्येकाला विकत घ्यावी लागते. पैसे वाचवायला मी मैत्रिणीच्या प्रतीची झेरॉक्स काढली. ताईंनी पाहिली आणि बाजूला घेऊन सांगितलं, की हे हक्कांच्या नियमात बसत नाही आणि दुसऱ्यांदा दिसलं तर चालणार नाही. वर तिसऱ्या पानाची खालची ओळ झेरॉक्समध्ये कापली गेली होती. प्रत घ्यावीच लागली. झेरॉक्सचे पैसे गेले ते गेलेच.

२८ जानेवारी

या आठवड्यात मी एक शहाणपणा केला. आल्टोची ओळ कीबोर्डवर वाजवून, स्वतः गाऊन रेकॉर्ड केली आणि आल्टोंच्या गटात टाकली. सगळ्यांनी आभार मानले. फार बरं वाटलं.

४ फेब्रुवारी

ते रेकॉर्डिंग चुकीचं निघालं.

२३ व्या बारमध्ये (बार म्हणजे स्वरलिपीत दोन उभ्या रेघांमधला तुकडा) म दोनदा येतो. पहिल्याच्या आधी तीव्र करायचं चिन्ह छापलंय, दुसऱ्याच्या आधी नाही. म्हणून मी पहिला तीव्र म गायले आणि दुसरा शुद्ध. नियम असा, की मध्येच आलेलं चिन्ह तो बार संपेपर्यंत त्या सुराला लागू राहतं. म्हणजे दोन्ही म तीव्रच. माझ्यासह पाच जणी चुकीचा शुद्ध म घेऊन तालमीला आल्या. ताईंनी तो बार चार वेळा गाऊन घेतला, मग विचारलं, "हा म कुठून आला?" कुणी माझं नाव घेतलं नाही. मीच हात वर केला.

चूक बसायला एक आठवडा लागला होता, जायला तीन लागले. वेगात गाताना जीभ जुन्याच सुरावर जायची. शेवटी उपयोगी पडलं ते असं: तो बार निम्म्या लयीत, आधीचा एक आणि नंतरचा एक बार जोडून, रोज दहा वेळा. नुसता तो सूर घोटून काही होत नव्हतं, कारण अडखळायला व्हायचं त्याच्याकडे येताना. प्रतीवर पेन्सिलनं दुसऱ्या म भोवती गोल केला. पेन्सिलच वापरा. पेननं खुणा केलेल्या एका मुलाचं पान आता युद्धाच्या नकाशासारखं दिसतं.

गटात काही टाकायचं तर आधी जाणत्याला ऐकवा.

याच तालमीचं रेकॉर्डिंग मी फोनवर केलं, फोन आमच्या रांगेसमोर ठेवून. तेव्हा ऐकलं नाही. पुढे त्याचं काम पडलं.

११ फेब्रुवारी

उजवीकडच्या मुलीनं मध्यंतरात हळूच विचारलं, "तू एवढ्या मोठ्यानं का गातेस?" मला वाटत होतं, मी हळू गातेय. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता म्हणून मी तो वाढवत होते. मी वाढवला की तीही वाढवायची, मग मी अजून. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो याला लोंबार परिणाम म्हणतात. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी तो १९११ मध्ये मांडला. शंभर वर्षांपूर्वीच माझं निदान झालं होतं तर.

उपाय तीन करून पाहिले. एक कान बोटानं बंद केला: स्वतःचं ऐकू आलं, बाकीचे गायब झाले. कानामागे तळहाताचा द्रोण केला: बरं, पण फोल्डर कोण धरणार? तिसरा ताईंनी केला. रांगेतली अंतरं एकेका हातानं वाढवली. बाकी काही न बदलता आवाज आपोआप खाली आले. जागा असेल तिथे आता तसेच उभे राहतो.

आणखी एक, थोडक्यात: लांब ओळीत सगळ्यांनी एकाच जागी श्वास घेतला की गाण्याला भोक पडतं. मी सवयीनं बारच्या रेघेवर श्वास घेते आणि सगळेच तिथे घेतात. आता शेजारणीशी वाटण्या केल्यात. ती शब्दाआधी, मी स्वराच्या मधोमध. मधोमध तोडायला भीती वाटते, पण थांबताना हळू थांबलं आणि परतताना हळूच शिरलं तर कुणाला कळत नाही. चोरटा श्वास खरा चोरीचा असला पाहिजे.

१८ फेब्रुवारी

आज सगळं कोसळलं.

शेजारचा मुलगा दोन आठवडे तालमीत मधूनच गप्प व्हायचा. आज आवाज तापवतानाच त्याचा सूर दोनदा मोडला. ताईंनी त्याला बाजूला नेलं, दहा मिनिटं कीबोर्डवर काहीतरी गाऊन घेतलं आणि तो परत आला तो थेट टेनरच्या रांगेत. मुलांचा आवाज या काळात शेवटी साधारण एक सप्तक खाली जातो, पण सरळ जिन्यानं उतरल्यासारखा जात नाही. मधले काही सूर आज असतात, उद्या नसतात. त्याला सांगितलंय: जे सूर येतात ते गा, जे येत नाहीत तिथे ओठ हलवू नकोस, सरळ थांब, जोर मुळीच लावू नकोस. त्याला वाईट वाटलं असणार. वरवर तो खूश दिसत होता, मोठ्या मुलांत गेल्यामुळे.

वाईट माझं झालं. पहिलं गाणं सुरू झालं. नवव्या बारपर्यंत मी ठीक, बाराव्याला सोप्रानोंबरोबर. पुन्हा. पुन्हा तेच. दुसऱ्या गाण्यात तर पहिला सूरच मिळाला नाही. पाच तालमींत 'येतं' म्हणून टिकमार्क केलेली दोन्ही गाणी मला येत नव्हती.

घरी येऊन ४ फेब्रुवारीचं रेकॉर्डिंग ऐकलं. हेडफोन लावून, मान खाली घालून. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आधी त्याचा आवाज, मग माझा. प्रत्येक वेळी. अंतर फार नाही, पाव मात्रा असेल. मी आल्टो गात नव्हते. त्याला ऐकून त्याचा सूर पाव मात्रेनं उचलत होते. घरी एकटी गायचे तेव्हा चुकायला दुसरा सूरच नव्हता. तालमीत गायचे तेव्हा तो होता. दोन्हीकडे बरोबर, आणि मधली गोष्ट, चार आवाजांत स्वतःची ओळ स्वतः धरणं, मी एकदाही केली नव्हती. ऑडिशनला तीन सेकंदांत घसरलेला सा सहा आठवड्यांनीही तिथेच होता.

१९ फेब्रुवारी ते ३ मार्च. दुरुस्ती

रोज २५ ते ४० मिनिटं. काय केलं, काय फसलं, त्याच क्रमानं.

पहिले तीन दिवस कीबोर्डवर एकच सा दाबून ठेवला आणि त्यावर एकेक सूर लावून दहा-दहा सेकंद थांबले. रे आणि नी ला मन पळ काढतं, कारण ते सा शी घासतात. घासू द्यायचं. चौथ्या दिवशी ते घासणं आवडायला लागलं. यासोबत हाताच्या खुणा केल्या, प्रत्येक सुराला वेगळी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन यांनी गायन शिकवण्यासाठी त्या रुजवल्या आणि पुढे हंगेरीत कोदाय पद्धतीत त्या आल्या. आरशासमोर वेडगळ दिसतं, पण घसा घसरायला लागला की हात तो सूर धरून ठेवतो.

मग स्वतःचंच रेकॉर्डिंग लावून चार मात्रांनी मागून तेच गाणं सुरू करायचं, हा प्रयोग. फसला. दोन्ही आवाज माझेच, कोणता आताचा ते कळेना. दोन दिवस गेले. रेकॉर्डिंगऐवजी कीबोर्डचा बासरीचा आवाज वापरला, तेव्हा जमलं.

मग मूळ कामाला हात घातला: सोप्रानोची चाल कीबोर्डवर, गळ्यात आल्टो. ठरलेल्या लयीत एक ओळही पार पडेना. लय निम्मी केली. मग एक जुगाड सुचला आणि या सगळ्यात माझा सगळ्यात जास्त वेळ त्यानं वाचवला. प्रत्येक ओळीच्या आरंभी पेन्सिलनं लिहिलं, हा सूर मला कुणाकडून मिळतो. 'टेनरचा शेवटचा सूर, तोच.' 'बेसच्या सा वरचा ग.' 'सोप्रानोनं आत्ताच सोडलेला.' आधी मी सूर आठवत होते. आता ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घेते, शेजाऱ्याकडे न बघता. ही यादी करायला दोन संध्याकाळी लागल्या, कारण त्यासाठी इतर तिघांच्या ओळी वाचाव्या लागतात. तोवर त्या मी कधी पाहिल्याच नव्हत्या.

शेवटी खरं माणूस हवं होतं. त्या मुलालाच विचारलं. तोही अडकला होता: टेनरची ओळ बायकांच्या आवाजासारख्याच चिन्हात लिहितात, पण वाजते एक सप्तक खाली, आणि तो घरी सगळं वरच्या सप्तकात वाजवून बसला होता. आधी व्हिडिओ कॉलवर सोबत गायचा प्रयत्न केला. ३५ मिनिटं पाण्यात. आवाज पोचायला लागणाऱ्या उशिरामुळे दोघंही एकमेकांसाठी थांबत राहतात आणि लय रांगायला लागते. कॉलवर एकत्र गाणं जमत नाही, त्यावर वेळ घालवू नका. मग तालमीआधी अर्धा तास येऊन जिन्याखाली उभं राहायचं ठरवलं. तो टेनर, मी आल्टो, दोघंही नवखे. तिथे आवाज छान घुमतो. पहिल्या दिवशी सात बार टिकलो.

४ मार्च

सर्दी. घसा बसलेला. तालीम बुडवणार होते, पण ठरलेल्यापेक्षा जास्त गैरहजेरी झाली तर कार्यक्रमात उभं राहता येत नाही, आणि पुढच्या परीक्षेसाठी मला एक हवी होती. ताई म्हणाल्या, ये आणि न गाता बस. कुजबुजत बोलले तर म्हणाल्या, तेही नको, कुजबुजण्यानं घशाला विश्रांती मिळत नाही. अडीच तास वहीवर लिहून बोलले.

आल्टोच्या रांगेसमोर खुर्ची टाकून ऐकत बसले. बाहेरून ऐकलं तर शब्दांच्या शेवटी भयंकर गोंधळ आहे. लॅटिन गाण्यात स् नं संपणारे शब्द बरेच. ४० जणांचे स् चाळीस वेगवेगळ्या क्षणी, जणू टायरमधून हवा जातेय. ताईंना लिहून दाखवलं. त्यांना ते दोन वर्षांपासून माहीत होतं. आज मात्र नियम केला: प्रत्येक भागातल्या फक्त दोघांनी स् उच्चारायचा, बाकीच्यांनी स्वरावरच थांबायचं. आल्टोंमधल्या दोघींत मी नाही.

११ मार्च

साथीशिवायचं गाणं. ताई ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटून कानाशी नेतात. १७११ च्या सुमारास जॉन शोअर या इंग्रज ट्रंपेटवादकानं शोधलेली ही वस्तू. न चार्जिंग, न बॅटरी. फोर्क सेकंदाला ४४० कंपनांचा, म्हणजे पेटीवरची पांढरी सहा. त्यावरून एक सूर खाली येऊन ताई सा देतात, पांढरी पाच. माझा पहिला सूर त्यावरचा ग.

गाणं संपल्यावर त्यांनी पुन्हा फोर्क वाजवला. आम्ही पांढरी पाचवरून निघून काळी तीनवर पोचलो होतो. अर्धा सूर खाली, चार मिनिटांत, कुणालाही पत्ता न लागता. शोध घेतला तर गळती दोन ठिकाणी: एकच सूर सलग सहा वेळा आला की प्रत्येक वेळी तो किंचित बसतो, आणि आल्टोंचा ग खाली राहतो. म्हणजे पुन्हा आम्हीच.

घरी फोनवर ट्यूनर (सूर नेमका लागला का ते काट्यानं दाखवणारं ॲप) लावून ग चा सराव केला. काटा मध्यावर आणायला शिकले, तीन दिवस घालवून. जिन्याखाली तोच ग लावला तर तो मुलगा म्हणाला, "खुपतोय." खरंच खुपत होता. मानवी आवाजांत सा वर निखळ मिसळणारा ग कीबोर्डच्या ग पेक्षा जरा खालचा असतो, अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर साधारण चौदा भागांनी. काटा कीबोर्डचा ग दाखवत होता. म्हणजे ग खाली हवा, पण गाणं खाली जायला नको. हे दोन्ही एकाच वेळी कसं, तर ग लावताना बेसचा सा ऐकायचा, आणि सलग येणारा प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा वर आहे असं समजून गायचा. तो वर जात नाही, फक्त बसत नाही. पुढच्या तालमीत उतरण निम्म्यावर आली. ट्यूनर काढून टाकला.

१८ मार्च

परीक्षा. गैरहजर.

२५ मार्च

आता पान न बघता गायचं. दोन गाणी पाठ, तिसऱ्याच्या मधल्या कडव्यात शब्द उलटसुलट. शब्द नुसते बोलून, लयीत, चालताना पाठ केले. गाऊन पाठ करण्यापेक्षा निम्म्या वेळात झाले.

बुटांची नोंद: ऑनलाइन मागवलेले अर्धा नंबर लहान. परत पाठवायला वेळ नाही. कार्यक्रमाचे कपडे-बूट निदान तीन आठवडे आधी घ्या आणि एक पूर्ण तालीम त्यात उभे राहा.

३१ मार्च, शुक्रवार. रंगमंचावरची तालीम

पायऱ्यांच्या फळ्यांवर तासभर उभं राहायचं. दुसऱ्या गाण्यात बेसमधला एक मुलगा पांढराफटक पडून खाली बसला. गुडघे ताठ, मागे ओढून उभा होता, दुपारचं जेवणही झालं नव्हतं. पाणी, डोकं खाली, दहा मिनिटांत ठीक. गुडघे किंचित सैल ठेवा, अंगठे हलवत राहा. हे सगळ्यांना सांगितलेलं असतं आणि कुणी मनावर घेत नाही.

सभागृहात पडदे आणि गाद्यांच्या खुर्च्या. आवाज समोर गेला की परत येतच नाही. हॉलमध्ये ऐकू येणारा बेस इथे गायब. मग ताईंनी रांगा मोडल्या आणि चारचारचे घोळके केले, प्रत्येकात शक्यतो प्रत्येक भागाचा एक. माझ्या शेजारी एकही आल्टो नाही. डावीकडे बेस, उजवीकडे टेनर. पोटात गोळा आला. सहा आठवड्यांपूर्वी मी इथून पळाले असते.

गायला सुरुवात केली. बेस डाव्या कानात होता. माझा ग आयता मिळाला.

१ एप्रिल. कार्यक्रम

कार्यक्रमाच्या तीन तास आधी हजर. त्यातले दोन तास नुसतं थांबणं. पुस्तक न्या.

पहिलं गाणं ठीक. २३ व्या बारमध्ये दोन्ही म तीव्र, पाचही जणींचे. नंतर डोळ्यांनी मोजणी केली.

साथीशिवायचं गाणं संपलं. ताईंनी हात वर धरून ठेवला होता, शेवटचा स्वर सभागृहात विरत होता, आणि त्या शांततेत एक लांब, स्पष्ट, एकटा स्. माझा. दोघींत मी नाही हे चार आठवडे पाठ असूनही. रेकॉर्डिंगमध्ये व्यवस्थित ऐकू येतो. आईला वाटलं, कुणीतरी प्रेक्षकांना गप्प करतंय.

किती उतरलो ते ताईंनी पडद्यामागे फोर्क कानाशी धरून तपासलं. काही बोलल्या नाहीत, फोर्क पिशवीत टाकला आणि पाणी प्यायल्या.

तो मुलगा दोन ठिकाणी चार-चार बार थांबला. समोरून कुणाला कळलं नाही, मला कळलं.

एकूण वेळ: तालमी साडेतेवीस तास (एक बुडवली, एक मुक्यानं), घरी साधारण ५२ तास, जिन्याखाली दोन, येण्याजाण्यात १८. वाया गेलेला: ऑडिशनचं गाणं, चुकीचा म, स्वतःच्या रेकॉर्डिंगमागून गाणं, व्हिडिओ कॉल आणि ट्यूनर धरून १५ तास तरी.

१५ एप्रिल

नवीन सत्राची नोंदणी. फॉर्मवर आईची सही आदल्या रात्रीच घेतली. ऑडिशन पुन्हा नसतं, पण ताई प्रत्येकाचा आवाज तपासतात. "सोप्रानोत जायचंय का?" विचारलं. नको म्हणाले. त्या मुलाचे मधले सूर परत आलेत, खालचे अजून कच्चे. टेनरच.

नव्या शेजारणीची ही पहिलीच वेळ. तिनं दुसऱ्या फेरीपासून माझ्याकडे कान लावलाय, मला पाव मात्रेचा उशीर ऐकू येतो. तिला जिन्याखाली बोलावलंय.

पहिल्या नव्या गाण्यात मधे आठ बार चाल आल्टोंकडे आहे, बाकीचे तिघे नुसते सूर धरतात. पहिल्याच फेरीत आम्ही अकराही जणी इतक्या जोरात गायलो की ताईंनी हात खाली सोडले.